ओट्याची उंची, फळ्याची उंची

तुमच्या मंडळाच्या चिटणीसांनी फोनवर सांगितलं होतं, "गावाकडच्या जिल्हा परिषद शाळेला दोन वर्गखोल्या बांधून द्यायच्यात, येताना नकाशा घेऊन या." मी नकाशा आणलेला नाही. आर्किटेक्ट शिकागोपर्यंत रिकाम्या हातानं आला म्हणून हसाल. पण ती शाळा मी अजून पाहिलेली नाही. ती कशी असेल हे तुम्हाला सांगायला नको. तुमच्यातले बरेच जण तसल्याच शाळेत सारवलेल्या जमिनीवर बसून शिकलेत.

मला एक गोष्ट कायम खुपते. आपल्याकडे घर बांधायला काढलं की ओट्याच्या उंचीवरून महाभारत होतं. सासूबाई ठेंगण्या, सूनबाई उंच. शेवटी गवंडी दोघींना भिंतीशी उभं करतो, पोळी लाटताना हात कुठं येतो ते बघतो आणि पेन्सिलीनं खूण करतो. तोच गवंडी शाळेत फळा बसवतो तेव्हा पहिलीतल्या पोराला कुणी उभं करत नाही. फळा गुरुजींच्या मापाचा. "ये, बेरीज सोडव" म्हटलं की पोर टाचा उंचावून खालच्या काठावर दोन आकडे काढतं, आणि गुरुजी म्हणतात, अक्षर बघा याचं!

तुमच्या शिकागोच्या उत्तरेला, विनेट्कात, क्रो आयलंड नावाची शाळा आहे. काल लेकीनं नेऊन दाखवली, अर्थात बाहेरूनच. १९४० साली उघडलेली. आर्किटेक्ट होते एलिएल सारिनेन, त्यांचा मुलगा ईरो आणि पर्किन्स, व्हीलर अँड विल ही तेव्हाची नवखी फर्म. त्यातला लॉरेन्स पर्किन्स कागदावर रेघ मारण्याआधी आठवडेच्या आठवडे वर्गांत जाऊन बसला. शिक्षकांशी बोलला, मुलांशी बोलला, झाडलोट करणाऱ्यांशीही बोलला. विनेट्कातल्या शाळांचे प्रमुख कार्लटन वॉशबर्न यांना तेच हवं होतं. फ्रान्सेस प्रेस्लर नावाच्या बाईंनी तर आर्किटेक्टांना पत्र लिहिलं, त्याचा मथितार्थ असा की इमारत इतकी देखणी करू नका की ती वापरण्याऐवजी जपत बसावं लागेल. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कुणी तोंडावर सांगत नाही.

मग झालं काय? दिव्यांची बटणं मुलांच्या हाताशी आली. वर्ग इंग्रजी एल अक्षरासारखे झाले. प्रत्येक वर्गाला स्वतःची कामाची खोली, स्वतःचं स्वच्छतागृह, बाहेर अंगणात उघडणारं दार. सभागृहातल्या खुर्च्या पुढे लहान आणि मागे जाताना मोठ्या होत गेल्या. ही शेवटची गोष्ट मला फार आवडते. पुढे बसलेल्या बाळाचे पाय जमिनीला टेकतात, एवढंच. पण ते सुचायला बाळाला बसलेलं बघावं लागतं.

(इथं एका गृहस्थांनी विचारलं, "ती श्रीमंत वस्ती. आपल्याला जमायचं का?") बटण खाली लावायला जास्त पैसे पडत नाहीत हो! मी स्वतः शहाणा होतो असं समजू नका. घाटमाथ्यावरच्या एका शाळेत मी खिचडीची शेड पश्चिमेला ठेवली. फाटकापासून लांब, नकाशात दिसायला नीटनेटकी. उद्घाटनाच्या दिवशी पहिलीचा वर्ग खोकत बाहेर आला. स्वयंपाकीण मावशी म्हणाल्या, "सायेब, वारं तिकडनंच येतंय की." दोन महिने त्या बांधकामावर पाणी मारत होत्या. मी एकदाही विचारलं नव्हतं.

विचारायची सोय कायद्यातच आहे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समिती आणली. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या बायका, आणि शाळेचा विकास आराखडा करायचं काम त्यांचं. प्रत्यक्षात ठरावीक साच्याचा टाइप प्लॅन आधी येतो, सह्या मागून. समितीला उरतो भिंतींचा रंग. 'बाला'चंही, म्हणजे 'बिल्डिंग ॲज लर्निंग एड'चं, बरेच ठिकाणी तेच झालं. कबीर वाजपेयींची ती कल्पना, इमारतीनंच शिकवायचं. दार उघडतं तिथं जमिनीवर कोन आखले की दार ढकलता ढकलता मूल कोन शिकतं. आमच्याकडे त्याच्या 'बोलक्या भिंती' झाल्या, म्हणजे हत्ती आणि आंबा.

"मुलांना विचारलं तर ती स्विमिंग पूल मागतील," असं मागून कुणीतरी म्हणालं. मागतीलच, कारण प्रश्न चुकला. 'काय हवं' असं विचारूच नका. 'शाळा दाखव' म्हणा आणि मुलीच्या मागोमाग चाला. ती कुठून वळसा घालते ते बघा. बहुतेक वेळा तो वळसा स्वच्छतागृहाला असतो. कडी मोडलेली, नाहीतर दार रस्त्याकडे.

वास्तुशास्त्राचाही प्रश्न आला. त्यावर मी एवढंच म्हटलं की ईशान्येपेक्षा पावसाची झड कुठून येते ते आधी बघू. खोलीवर देणगीदारांची नावं कुठं लावायची, हा प्रश्न चिटणीसांच्या हवाली केला.

शेवटी दुसऱ्या रांगेतल्या आजी उठल्या. "शाळा सुटेपर्यंत आम्ही बसायचं कुठं, ते नाही काढलंत?"

तीस वर्षांत नाही काढलं. मी विचारलं, तुम्ही कुठं बसायचात?

"पायरीवर. पण तिथं ऊन असायचं. भिंतीच्या मागं सावली होती, पण तिथनं दार दिसत नव्हतं."

किती वाजताचं ऊन, हे मी विचारून घेत होतो, तेवढ्यात चहा आला.