कसायचं आणि राखायचंही
(वनहक्क मेळाव्यात १२ फेब्रुवारीला केलेलं भाषण)



आम्ही संघटनेचेच सभासद. पण आज आम्हाला वेगळं उभं केलं आहे, कारण आम्ही रविवारी प्रार्थनेला जाणारी घरं. तुमच्यातले बरेच जण वाघदेवाला मानणारे. मोर्च्यात आपण एका रांगेत चाललो. दंडाच्या पावत्या एकाच पत्र्याच्या डब्यात जपल्या. फॉरेस्टवाल्यांनी औतं जप्त केली तेव्हा कोणाचा देव कोणता, हे विचारलं नाही. तरी मागच्या काही वर्षांत पाड्यात अंतर पडलं. ते का पडलं, ते आज आम्हीच सांगतो.

प्रार्थनाघराला आढं आणि वासे पायजे होते. आम्ही देवाच्या रानातली चार सागाची झाडं तोडली. "आता तो आमचा देव नाही, मग त्याचं रान कसलं?" असं आमच्यातले काही म्हणाले. बाकीचे आम्ही गप्प बसलो. तुम्ही भांडला नाहीत, पण आमच्याकडे येणं-जाणं कमी केलंत. त्या रानाच्या खालचा झरा सगळ्या पाड्याचा आहे, आमची लेकरंही तेच पाणी पितात. आमची चूक झाली. सगळ्यांसमोर माफी मागतो.

मग आम्ही बसून बायबल परत वाचलं. काही जण म्हणत होते, देवानं माणसाला पृथ्वीवर सत्ता दिली, तेव्हा तोडायला हरकत काय? पहिल्या अध्यायात सत्तेची गोष्ट आहे, खरं आहे. पण लगेच दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो ते कशासाठी? बाग कसण्यासाठी आणि राखण्यासाठी. दोन्ही कामं एकदमच सांगितली आहेत. आम्ही कसायचं तेवढं धरलं आणि राखायचं सोडून दिलं. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात जमीन देवाची म्हटली आहे. माणूस तिथे पाहुणा, म्हणून ती कायमची विकायची नाही. आणि सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायचा.

नाबोथाची गोष्टही त्याच पुस्तकात आहे. राजाला त्याचा द्राक्षमळा पाहिजे होता. बदली जमीन देतो, पैसे देतो, म्हणाला. नाबोथ म्हणाला, बापजाद्यांची जमीन देणार नाही. मग खोटे साक्षीदार उभे केले, दगड मारून त्याला ठार केलं आणि राजा मळ्यात शिरला. देवानं संदेष्टा पाठवला तो राजाला जाब विचारायला. ही गोष्ट आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.

आता आजच्या तारखेबद्दल. ती मुद्दाम धरली आहे. समुद्रापलीकडे ब्राझील नावाचा देश आहे. तिथे अमेझॉनचं जंगल आहे, जगातलं सगळ्यात मोठं पावसाळी जंगल. १९७० नंतर तिथल्या सरकारनं जंगलातून मोठा रस्ता काढला आणि दुष्काळी भागातल्या गरिबांना तिकडे वसायला पाठवलं. ते लोक आपल्यासारखे मूळचे जंगलातले नव्हते, भूमिहीन होते. त्यांच्यामागून लाकूडवाले आले, गुरांची मोठमोठी कुरणं काढणारे जमीनदार आले. खोटे कागद करायचे, घरं जाळायची, माणसं हाकलायची, असा त्यांचा धंदा.

डोरोथी स्टँग नावाच्या सिस्टर या लोकांबरोबर राहिल्या. जन्म १९३१ चा, अमेरिकेतला. १९६६ मध्ये त्या ब्राझीलला गेल्या आणि पुढे पारा राज्यातल्या अनापू या गावी राहिल्या. बाई जमिनीचे कागद घेऊन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायच्या, तक्रारी लिहून द्यायच्या. आणि लोकांना सांगायच्या की जमीन मिळाली म्हणून जंगल साफ करू नका. थोड्या भागात पीक घ्या, बाकीचं जंगल सगळ्यांनी मिळून राखा. अशा वसाहती सरकारकडून मान्य करून घ्यायला त्या झटल्या. त्यातल्या एकीचं नाव 'एस्पेरांसा', म्हणजे आशा.

जमीनदारांना याचाच राग होता. साफ केलेली जमीन कागद करून विकता येते. माणसं राहतात आणि राखतात ते जंगल सहज विकता येत नाही. १२ फेब्रुवारी २००५ ला सकाळी त्या याच वसाहतीतल्या बैठकीला पायी निघाल्या होत्या. वाटेत दोन बंदूकवाले आडवे आले. हत्यार आहे का, असं विचारल्यावर बाईंनी बायबल काढलं. एवढंच हत्यार आहे म्हणाल्या आणि त्यातलं वाचून दाखवलं. त्यांनी सहा गोळ्या घातल्या. वय ७३ होतं.

गोळ्या घालणारे त्याच वर्षी दोषी ठरले. घालवणारा सहजी सापडत नाही. एका जमीनदाराला २००७ मध्ये ३० वर्षांची शिक्षा झाली, २००८ मध्ये तो सुटला, लोकांनी पाठ सोडली नाही, तेव्हा २०१० मध्ये परत ३० वर्षांची झाली. दुसऱ्या जमीनदारालाही त्याच वर्षी तेवढीच झाली. आपणही तारखांवर तारखा बघतो. म्हणून हे सांगितलं.

साथींनो, आपल्याला म्हणतात की आदिवासी जमीन मागतो म्हणजे जंगल खातो. त्याला तोंडानं उत्तर देऊन भागणार नाही. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ च्या आधी कसत असलेल्या जमिनीचा हक्क आहे. तो आपण घेणारच, भीक म्हणून नाही. पण त्याच कायद्यात सामूहिक जंगल राखण्याचा हक्कही आहे, आणि कलम ५ मध्ये ग्रामसभेला राखणीचा अधिकार दिला आहे. आज कोणी नवीन टापू तोडला तर त्याला पट्टा मिळणार नाही, उलट सगळ्या गावाच्या दाव्याविरुद्ध पुरावा तयार होईल.

आणखी एक. दाव्याला पुरावा काय चालतो? नियमांत लिहिलं आहे: जुन्या विहिरी, मसणवट, देवस्थानं, आणि म्हाताऱ्या माणसांचा लेखी जबाब. म्हणजे ज्या देवाच्या रानात आम्ही कुऱ्हाड घातली, ते रान आपल्या गावाचा सातबारा आहे! आम्ही नुसती झाडं नाही तोडली, सगळ्यांचा कागद फाडत होतो.

म्हणून आमच्या घरांनी बसून तीन गोष्टी ठरवल्या. ग्रामसभेपुढे ठेवतो.

एक, देवाचं रान सामूहिक दाव्यात नावानिशी लिहावं. ते पिढ्यान् पिढ्या गावानं राखलं, असा जबाब आमचे प्रार्थनेला जाणारे म्हातारेही देतील. पूजा आम्ही करणार नाही, पण खरं ते सांगू.

दोन, राखणीच्या पाळीत आमची घरं येतील. रविवारी प्रार्थना झाली की त्या दिवसाची पाळी आमची.

तीन, नवीन तोड करणाऱ्याला आमच्यातला कोणी साक्ष देणार नाही, तो आमचा सख्खा भाऊ असला तरी. आणि येत्या पावसात तोडलेल्या चार झाडांच्या जागी रोपं लावू. कोणती लावायची ते तुम्ही सांगा, कुंपण आम्ही घालू, गुरांपासून आम्ही सांभाळू.

तुम्ही आमच्या देवाला माना असं आमचं म्हणणं नाही. तुम्ही आम्हाला पाळीत घ्या, एवढंच मागणं आहे.

जिंदाबाद!