घरचा काढा कुठवर?
(वर्धापनदिनाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमचा काढा साऱ्या आळीने प्यायला आहे, त्याचेच सांगा." म्हणून उभी राहिले. चुकले तर सांभाळून घ्या.

आधी कृती सांगते. चार पेले पाण्यात गवती चहाची २-३ पाती, तुळशीची १०-१२ पाने, ठेचलेले बोटाच्या पेराएवढे आले, ४ मिरी आणि दालचिनीचा लहानसा तुकडा घालावा. मंद आचेवर निम्मे आटवून गाळावे, चवीला गूळ घालावा. मोठ्यांनी अर्धा पेला सकाळ-संध्याकाळ घ्यावा, तोही दोन-चार दिवसच. घसा खवखवला तर मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या कराव्यात. ज्येष्ठमधाची काडी चघळावी. मात्र रक्तदाब असणाऱ्यांनी त्या वाटेला जाऊ नये.

याने घशाला शेक मिळतो, पोटात पाणी जाते, जिवाला बरे वाटते. पण पडसे विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठ-दहा दिवसांत आपले आपण जाते. काढ्याने ते मरत नाही, हे मला फार उशिरा कळले.

आता माझी चूक सांगते. आमचा धाकटा दहा महिन्यांचा असताना ऐन श्रावणात खोकू लागला. मी अडुळशाचा रस मधातून चाटवला, छातीला ओव्याच्या पुरचुंडीने शेकले. सासूबाईंनी पाच मुले अशीच वाढवली होती, तेव्हा शंका कशाला घेऊ? तिसऱ्या दिवशी त्याने अंगावर पिणे सोडले. श्वास भराभर चालला होता, बरगड्यांखाली खळगा पडत होता. मला वाटले, कफ सुटतो आहे. शेजारच्या काकू डोकावल्या आणि म्हणाल्या, "अगं, काढा ठेव खाली, मुलाला उचल!"

डॉक्टरांनी घड्याळ लावून श्वास मोजले. मिनिटाला साठाच्या वर! न्यूमोनिया झाला होता. सहा दिवस इस्पितळात काढले. देवाच्या दयेने मूल हाती लागले. डॉक्टर रागावले नाहीत, पण दोन गोष्टी मनावर कोरून ठेवायला सांगितल्या. वर्षाच्या आतल्या मुलाला मध मुळीच द्यायचा नाही. त्यातून क्वचित का होईना, जिवावर बेतणारी विषबाधा होते. आणि मूल शांत असताना पुरते एक मिनिट श्वास मोजायचे. दोन महिन्यांच्या आत ६० किंवा अधिक, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांपर्यंत ४० भरले, तर घरात थांबायचे नाही. छाती आत ओढली गेली, मूल पीत नसेल किंवा ओठ निळे पडले, तर मोजत बसण्याचीही गरज नाही.

पुढे २०२० साली करोना आला. आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी, मनुका यांचा काढा दिवसातून एक-दोनदा घ्यायला सांगितले. आपण बायकांनी तो चार-चारदा पाजला! आमच्या घरी सगळ्यांच्या पोटात आग पडली. गुळवेलही कुंपणावरून तोडून आणली गेली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे लिहिले. मंत्रालयाने तो दोष गुळवेलीचा मानला नाही; तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली अपायकारक असतात, असे सांगितले. आपल्याला दोन्हींतून एकच घ्यायचे: न ओळखता, न विचारता वेल उकळायची नाही.

अंगात रोगाशी झुंजण्याचे बळ यायचे ते पोटभर चौरस अन्न, झोप, हात धुणे आणि वेळेवर टोचलेल्या लसी यांतून. काढा त्याच्या जोडीला असू द्यावा, त्याच्या जागी नको.

मैत्रिणींनो, माझ्या दाराशी काढ्यासाठी जरूर या, मी ना म्हणणार नाही. पण तान्हे मूल घेऊन आलात, तर आधी मी त्याचे अंगडे वर करून छाती पाहीन. राग मानू नका. त्या दिवशी काकूंनी माझ्यासाठी तेच केले होते.