खूण सोडली, चमत्कार धरला

मित्रहो, स्वागताध्यक्ष माझ्याबद्दल फार गोड बोलले. त्याची परतफेड मला कडू बोलून करावी लागणार आहे.

येताना चौकात एक फलक पाहिला : ‘चिन्हे व चमत्कार महासभा. आजाऱ्यांना घेऊन या.’ वक्त्याचा फोटो येशूच्या नावापेक्षा मोठा. फलक लावणाऱ्यांवर माझा राग नाही. राग आहे तो तुमच्या-माझ्यावर. व्यासपीठावरून आणि मासिकांतून ही जोडी आपणच इतकी घासली की दोन्ही शब्दांचा अर्थ एकच उरला : काहीतरी अचाट.

यातल्या ‘चिन्हा’साठी बायबलातला हिब्रू शब्द आहे ‘ओथ’. काइनाला कोणी मारू नये म्हणून परमेश्वरानं त्याच्यावर केली ती ओथ. अब्राहामाच्या घराण्याची सुंता ओथ. मिसरात दाराच्या चौकटीला लावलेलं कोकराचं रक्त ओथ. रानात छावणी पडली की प्रत्येक घराण्यानं आपापल्या निशाणाजवळ डेरा द्यायचा, तिथेही हाच शब्द. यात अचाट काय आहे? मोशेच्या काठीचा साप झाला तोही ओथच, हे मी लपवत नाही. पण ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायातला इशारा आपल्या सभांतून कधी ऐकलात? एखाद्या संदेष्ट्यानं ओथ दाखवली, ती खरीही ठरली, आणि मग तो म्हणाला की चला, दुसऱ्या देवांमागे जाऊ, तर त्याचं ऐकू नका! म्हणजे चमत्कार घडला तरी माणूस खोटा असू शकतो. पुढच्या काळातल्या हिब्रूत ‘ओथ’ अक्षरालाही म्हणू लागले. अक्षर पाहून कोणी टाळ्या वाजवत नाही, ते वाचायचं असतं.

शब्बाथ हीसुद्धा ओथ. निर्गमात तसं स्पष्ट लिहिलंय. ती कशी वाचली जाते हे पाहायला यरुशलेमला जायला नको, आपलं कोकण पुरे. तिथले बेने इस्राएल यहूदी तेलाचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. गावानं त्यांना नाव दिलं शनवार तेली. बैल सोडलेला, लाट थांबलेली, एवढ्यावरून शेजाऱ्यानं ओळखलं. त्याला हिब्रूचं एक अक्षर येत नव्हतं.

आता ग्रीक. ‘सेमेइऑन’. हिब्रू शास्त्र ग्रीकमध्ये नेणाऱ्यांनी ‘ओथ’साठी बहुतेक ठिकाणी हाच शब्द योजला. मत्तयाच्या शुभवर्तमानात यहूदा जमावाला ठरवून देतो, मी ज्याचं चुंबन घेईन तोच तो, हे ‘सेमेइऑन’. पौल पत्राच्या शेवटी स्वतःच्या हातानं दोन ओळी लिहितो आणि म्हणतो, माझ्या प्रत्येक पत्राची ओळख हीच, तेही ‘सेमेइऑन’. एक फितुरी, एक हस्ताक्षर. कुठे ठेवणार तुमचा चमत्कार?

योहानाचं तर विचारूच नका. सामर्थ्याचं कृत्य या अर्थानं इतर तिघे शुभवर्तमानकार ‘दुनामिस’ वापरतात. योहान तो शब्द एकदाही घेत नाही, ‘सेमेइऑन’ मात्र सतरा वेळा. काना गावच्या लग्नात पाण्याचा द्राक्षारस झाला, पण भोजनकारभाऱ्याला पत्ता नाही. ठाऊक होतं ते फक्त पाणी भरणाऱ्या नोकरांना. जाहिरातीच्या दृष्टीनं अगदीच फसलेला कार्यक्रम! 1611 च्या इंग्रजी भाषांतरकारांनी तिथे ‘चमत्कार’ घातला. 1881 साली त्यांच्याच वारसांनी तो काढून ‘चिन्ह’ केलं. आपण अजून 1611 मध्ये बसलोय.

आणि ‘चिन्ह’ तरी कशाला? प्रश्नचिन्ह, निवडणूक चिन्ह, मघाशी मला दिलेलं ते सन्मानचिन्ह. मराठीत ‘खूण’ आहे. खूण पटते, खूण सांगता येते, खुणेचा दगड असतो. यार्देन ओलांडल्यावर यहोशवानं बारा धोंडे रचून घेतले ते कशासाठी? पुढे मुलांनी विचारावं, हे दगड कसले म्हणून. माझ्या कपाटात अशी सात सन्मानचिन्हं आहेत. नातीनं एकाबद्दलही विचारलेलं नाही. या आज्ञा हाताला ओथ म्हणून बांध, असं शास्त्र सांगतं, आणि आपल्याकडे ‘खूणगाठ’ शब्द तयार बसलाय! असं नातं दिसायला मूळ भाषा यावी लागते. केडगावला पंडिता रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, मुळावरून सबंध बायबल मराठीत आणलं, साध्या बायकांना कळावं म्हणून. 1922 मध्ये त्या गेल्या. त्यानंतर मूळ भाषा शिकलेले आपल्यात किती, हात वर करा. मोजायला वेळ लागणार नाही.

कालच्या बैठकीत एक विद्वान मला म्हणाले, ‘अध्यक्ष महाराज, खूण हा शब्द जरा गावंढळ वाटतो.’ वाटू द्या. लूकच्या दुसऱ्या अध्यायात देवदूत ‘सेमेइऑन’ सांगतो ते काय? बाळंत्यात गुंडाळलेलं, गव्हाणीत ठेवलेलं एक तान्हं मूल. सांगतो कोणाला? रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. गव्हाण म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ते उठले आणि थेट तिथे गेले.