पाण्यातले हिरवे गवत
(वर्तकनगर, ठाणे येथे प्रौढ वर्गापुढे केलेले भाषण)



गाय गवत खाते. मग मासा काय खातो? कोणी म्हणेल, लहान मासा. तो लहान मासा काय खातो? असे विचारत खाली गेलो की आपण शेवाळापाशी येऊन थांबतो. दगडावरचे बुळबुळीत शेवाळ नव्हे. हे इतके बारीक की एकेक कण डोळ्यांना दिसत नाही. लाखो कण झाले की पाणी हिरवट दिसते, एवढेच. ऊन, पाणी, हवा आणि थोडे खत यांवर ते वाढते.

कोळंबीच्या पिल्लाचे तोंड एवढेसे. पेंड, कोंडा त्याला खाता येत नाही. म्हणून कोळंबीचे बी तयार करतात तिथे खाऱ्या पाण्यातले शेवाळ मुद्दाम वाढवतात. समुद्राचे पाणी गाळून शुद्ध करतात. त्यात खत घालतात. मग दुधाला विरजण लावावे तसे थोडे जुने शेवाळ सोडतात. बाटलीतून बरणीत, बरणीतून टाकीत, असे ते वाढवत नेतात.

हे काम वाळवंटी किनाऱ्यावर करण्याची खटपटही जगात चालू आहे. तिथे ऊन भरपूर, समुद्र जवळ, आणि जमीन पिकाच्या कामाची नाही. पण अडचण उन्हाचीच. पाणी तापते, आटते, त्यातले मीठ वाढते. नाजूक शेवाळ मरते, चिवट तेवढे टिकते. मिठागरात पाणी आटत आले की लालसर दिसते ना? त्यात डुनालिएला नावाच्या चिवट शेवाळाचा वाटा असतो. कच्छच्या रणातले रोहित पक्षी आपल्या ठाण्याच्या खाडीवर येतात. त्यांचा गुलाबी रंगही मुळात शेवाळातलाच. 2015 साली सरकारने खाडीचा काही भाग या पक्ष्यांसाठी अभयारण्य केला.

आता तुमच्या तळ्याचे बोलू. रोहू, कटला पाळायचे तर शेणखत घालून पाणी हिरवट करतात. पण अति तेथे माती. शेवाळ दिवसा पाण्यात प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते. शेवाळ फार माजले की पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. तेव्हा हयगय केली तर एका रात्रीत वर्षाची कमाई पालथी पडते. खत लगेच बंद करा. ताजे पाणी सोडा, पाणी घुसळा.

सोपी परीक्षा सांगतो. दुपारी उन्हात कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवा. तळवा अंधुक दिसला तर ठीक. स्वच्छ दिसला तर थोडे खत घाला. कोपर बुडण्याआधीच दिसेनासा झाला तर खत थांबवा. आभाळ भरलेले असेल त्या दिवसांत खत घालूच नका.

तुम्ही आता लिहायला शिकलात. तळ्यासाठी एक वही करा. तारीख, पाण्याचा रंग, किती पाट्या शेण घातले, एवढे रोज लिहा. पुढच्या वर्षी तीच वही तुमचा मास्तर होईल.