काळा चमकता दगड सापडला तर



आमच्यातली एक ताई ओहोटीला तिसऱ्या काढायला गेली होती. तिला मुठीएवढा काळाकुळकुळीत, काचेसारखा चमकणारा दगड मिळाला. बाजारात एकाने लोहचुंबक लावून दाखवलं आणि म्हणाला, "ही उल्का, लाखाला जाईल. तपासणीचे पाच हजार द्या." ताई गटाकडे कर्ज मागायला आली. आम्ही म्हटलं, आधी दगड तर बघू.

लोहचुंबक चिकटलं म्हणजे उल्का, असं नाही. आपल्या रत्नागिरीच्या काळ्या समुद्राची वाळू कागदावर घ्या आणि खालून चुंबक फिरवा. काळे कण उभे राहतात, कारण त्या वाळूतच लोखंडाची खनिजं आहेत.

मग आम्ही दगड उन्हात ठेवला. तो मऊ होऊन चिकटला असता, रॉकेलसारखा वास आला असता, तर तो डांबराचा गोळा. पावसाच्या तोंडावर असे गोळे किनाऱ्याला लागतात. हाताला लागलं तर खोबरेल तेलाने पुसा, पोरांना खेळायला देऊ नका. पुढे तो कागदावर घासला. काळी रेघ उठली आणि दगड हलका असला, तर कोळसा. आमचा दगड दोन्हींत बसेना.

आपला काळा कातळ म्हणावा, तर तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. त्यालाही भोकं असतात, पण तो फोडला तर आत मंद दिसतो, काचेसारखा चमकत नाही.

शेवटी फुटलेली कड भिंगातून पाहिली. आत काच आणि काचेत बारीक बुडबुडे! उल्का आतून अशी नसते, तिला वरून फक्त पातळ काळी साल असते. हा दगड म्हणजे भट्टीतली मळी. लोखंड गाळताना वर येणारा मळ झटकन थंड झाला की काचेसारखा होतो. त्यात लोखंडाचे कण राहतात, म्हणून चुंबक चिकटलं. कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंना दाखवला, त्यांनीही मळीच सांगितली. पैसा लागला नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, असा दगड हातोडीने फोडू नका, त्याची कपची डोळ्यात जाते, कड सुरीसारखी कापते. खरंच उल्का वाटली तर तहसील कार्यालयात कळवा. आपल्या देशात उल्का सांभाळण्याचं काम भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही सरकारी संस्था करते. तपासायला आधी पैसे मागणाऱ्याला मात्र दारातूनच परत पाठवा.

ताईचा दगड आता तिच्या दाराला टेकण म्हणून आहे. पाच हजार गटातच राहिले.