पोथी सरली, आता पुढे काय?

आजचा भाग मी आमच्या गावी, चिमूर तालुक्यात, आजाच्या घराच्या ओसरीवर बसून रेकॉर्ड केलाय. मध्येच कोंबडा आरवला, ट्रॅक्टर गेला, तर ऐकणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं. वाचणाऱ्यांची त्यातून सुटका आहे.

विषय आहे प्रवचनकार आणि त्यांची छापलेली पुस्तकं. माणूस बोलत असतो तेव्हा समोर गर्दी असते, आवाजाचा चढउतार असतो, हातवारे असतात. तो गेला की उरतं ते छापलेलं. त्या छापलेल्याचं पुढे आपण काय करतो? एवढाच माझा आजचा प्रश्न.

सुरुवात जरा लांबून करतो. इंग्लंडात अठराव्या शतकात विल्यम हंटिंग्टन नावाचा एक अवलिया होऊन गेला. जन्म १७४५चा, केंट परगण्यातला, घरात अठराविश्वे दारिद्र्य. कोळसा वाहण्याचं काम त्यानं केलं. मग प्रवचनं द्यायला लागला आणि पुढे लंडनमध्ये त्याच्यासाठी प्रार्थनामंदिर उभं राहिलं. बाकीचे पाद्री नावापुढे मोठ्या पदव्या लावायचे. याच्याकडे कुठली पदवी? मग यानं स्वतःच दोन अक्षरं लावून घेतली, ‘एस. एस.’ म्हणजे ‘सिनर सेव्हड’, तारला गेलेला पापी! त्याचं गाजलेलं पुस्तक ‘बँक ऑफ फेथ’, आपण श्रद्धेची पेढी म्हणू. आपल्या प्रत्येक अडचणीला देव कसा धावून आला, याच्या गोष्टी त्यात आहेत. विजार हवी होती, देवाला सांगितलं, आणि चामड्याची नवी विजार मिळाली. इतकं थेट. हसू येतं, पण पोटाची चिंता असलेल्या माणसाला असं पुस्तक किती आपलं वाटलं असेल, तेही कळतं. १८११ साली त्याचं साहित्य २० खंडांत निघालं. १८१३ साली तो वारला. मग त्याच्या सामानाचा लिलाव झाला, आणि त्याच्या वापरातल्या साध्यासुध्या वस्तूंना भक्तांनी अवाच्या सव्वा किमती मोजल्या.

हे वाचलं आणि मी जरा थबकलो. कारण ज्या ओसरीवर मी बसलोय तिच्या आतल्या खोलीत, देव्हाऱ्याच्या बाजूला, भगव्या कापडात बांधलेली एक पोथी आहे. आमच्या आजाची ग्रामगीता.

आमच्याकडे तुकडोजी महाराजांची ओळख करून द्यावी लागत नाही. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. मूळ नाव माणिक बंडोजी इंगळे, जन्म ३० एप्रिल १९०९, अमरावती जिल्ह्यातलं यावली गाव. शाळा लहानपणीच सुटली. वरखेडचे आडकोजी महाराज हे गुरू, त्यांच्याकडून ‘तुकड्या’ हे नाव मिळालं. पोरवयात हा माणूस रामटेक, सालबर्डी, रामदिघी, गोंदोडा अशा रानांत भटकला. गोंदोडा आमच्याच तालुक्यातलं, आजही लोक त्याला तपोभूमी म्हणतात. पुढे १९३५ साली मोझरीला गुरुकुंज आश्रम उभा राहिला. पण लोकांच्या डोळ्यांसमोर राहिली ती खंजिरी. हातात खंजिरी, मराठी आणि हिंदी दोन्ही भाषांतली भजनं, आणि शेवटी ‘तुकड्या’ अशी स्वतःच्या नावाची मुद्रा. त्या इंग्रज पाद्र्यानं नावाला पदवी जोडली. आमच्या बुवानं भाकरीच्या तुकड्याएवढंच नाव जन्मभर मिरवलं.

त्या खंजिरीचं या मातीत काय झालं, ते चिमूरच्या माणसाला विचारा. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूर पेटलं. गोळीबार झाला, सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गेला. लोकांच्या हातून सरकारी अधिकारीही मारले गेले. मग गावात फौज आली आणि बायामाणसांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवसांचं उपोषण केलं. त्या दिवसांत महाराजांची भजनं इथल्या तोंडातोंडांत होती. सरकारनं २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपुरात अटक केली. नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगांत ठेवलं, डिसेंबरात सोडलं. आमचा आजा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो म्हणायचा, ‘बंदुका पोलिसांपाशी होत्या, आमच्यापाशी गानं होतं.’ पोरगेलेशी आठवण आहे ती, पण त्याचा आवाज अजून कानात आहे.

आता पुस्तकांकडे येऊ. ‘अनुभव सागर भजनावली’, ‘राष्ट्रीय भजनावली’, हिंदीतली ‘लहर की बरखा’, ‘सेवास्वधर्म’ अशी बरीच आहेत. पण घरोघरी पोचली ती ग्रामगीता. १९५५च्या सुमाराची, ४१ अध्यायांची, ४,६७५ ओव्यांची. ज्यांनी उघडली नसेल त्यांना वाटेल की यात ब्रह्म, माया, मोक्ष असेल. तेही आहे. पण अध्यायांची नावं बघा. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, महिलोन्नती, वैवाहिक जीवन, अंत्यसंस्कार. म्हणजे नाली, संडास, उकिरडा, गाय, मजुरी, हुंडा, मयताचा खर्च. हे सगळं ओवीत आहे, आणि मध्येमध्ये श्रोता उठून शंका विचारतो. वक्ता त्याला उत्तर देतो. शंका विचारणाऱ्याला पोथीत जागा आहे, हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

शिवाय प्रत्येक अध्यायाच्या शेवटी सांगितलंय की हा ग्रंथ गुरू, शास्त्र आणि स्वानुभव या तिघांना संमत आहे. गुरू आणि शास्त्र तर कुठल्याही पोथीत असतात. तिसरा साक्षीदार आपल्या घरातला आहे. म्हणजे गावात करून बघा आणि मग बोला.

आता आमच्या घरचं सांगतो. सांगू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं.

आजा दरवर्षी पारायण करायचा. ओसरीवर सतरंजी, पंधरावीस माणसं, शेवटच्या दिवशी काला. माझा काका खंजिरी वाजवायचा. काय वाजवायचा! आणि पारायण उठलं की सरळ शाळेमागे जायचा, प्यायला. सगळ्यांना ठाऊक होतं. आजालाही. ज्या दिवशी व्यसनावरच्या ओव्या यायच्या त्या दिवशी काका डोळे मिटून आणखी रंगून वाजवायचा. कोणी काही बोलायचं नाही. पोथीत विघ्न नको म्हणून.

आजीला वाचता येत नव्हतं. ती भिंतीला टेकून ऐकायची. एका वर्षी समाप्तीला आजानं पोथी कापडात बांधली, डोक्याला लावली, आणि आजी सगळ्यांसमोर म्हणाली, ‘पोथी तं सरली. दारू कवा सरन?’

आजा काही बोलला नाही. काका उठून गेला. काला वाटला गेला. मी बारा-तेरा वर्षांचा होतो आणि आजीचाच राग आला होता मला, सगळ्यांचा मूड घालवला म्हणून. आज वाटतं, त्या सतरंजीवर ग्रामगीता ऐकणारी ती एकटी होती. पोथीत शंका विचारणाऱ्या श्रोत्याची जी जागा आहे, ती तिनं घेतली होती. आम्ही बाकीचे पारायण करत होतो.

२०१० सालच्या डिसेंबरात दारूबंदीसाठी बायका चिमूरहून नागपूरला विधानसभेवर पायी गेल्या. श्रमिक एल्गारचं आंदोलन होतं ते. माझी काकू त्यात होती. शंभराच्या आसपास किलोमीटर, थंडीचे दिवस, पायात साधी चप्पल. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो, फोनवर म्हटलं, काकू, तब्येत सांभाळ. ती म्हणाली, ‘बाबू, बसून लय आयकलं, आता चालून पाह्यतो.’ काका २०१३ साली गेला. लिव्हर. पंचेचाळिशी गाठली नव्हती.

चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली १ एप्रिल २०१५ला. काकाच्या कामाची नव्हती ती. २०२१ साली उठवलीही. बंदी असताना चोरून दारू येत होती हे खरं, आणि बंदीमुळे काही घरं तगली हेही आमच्या गावात मी पाहिलंय. शेजारच्या गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे. तिथे एक गुंता आणखी आहे. गोंड-माडिया घरांत मोह म्हणजे देवाचं झाड. जन्माला, लग्नाला, मयताला मोहाची दारू लागते. मराठी ओवीतून आलेला उपदेश गोंडी घरात जसाच्या तसा उतरत नाही, आणि उतरावा अशी सक्ती करणाराही मी कोण! पण विकायला आलेली पावशी आणि देवापुढे ठेवलेला मोहाचा थेंब यांतला फरक तिथल्या बायकांना आपल्यापेक्षा चांगला कळतो. अनेक गावांनी तो आपापल्या बैठकीत ठरवलाय.

बैठक म्हटलं की धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आठवतं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, असं सांगणारं गाव. निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वांच्या सहमतीनं होतो. आणि ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट आहे, आधी प्रश्न नीट समजून घ्यायला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११च्या एप्रिलात बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. हे ग्रामगीता वाचून झालं असं मी म्हणत नाही, त्यांची वाट त्यांची आहे. पण गाव हाच देव मानणारा ग्रंथ ज्या गावाची कल्पना करतो, त्याच्या जवळ जाणारं गाव बघायचं तर मी कुणालाही तिथे पाठवीन. त्या गावाची ताकद मला दिसते ती अभ्यास गटात. तिथे शंका विचारली की समाप्तीचा मूड जात नाही.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ला गेले. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीला ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं निःशब्द उभी राहतात. मी एकदा उभा राहिलोय, अंगावर काटा येतो. २००५ साली नागपूर विद्यापीठाला त्यांचं नाव मिळालं. २०११ साली आमचे दोन्ही जिल्हे त्यातून निघून गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात गेले. नाव, कमान, पुतळा, सगळं झालं. त्याला माझा विरोध नाही. पण हंटिंग्टनच्या लिलावात भक्तांनी ज्या भावनेनं वस्तू घेतल्या असतील, ती भावना मला माझ्या घरात दिसते. वस्तू सांभाळली की माणूस सांभाळला असं वाटतं. हंटिंग्टनच्या बाबतीत एक वेळ ते चालून जाईल, कारण ‘श्रद्धेची पेढी’ ही त्याची स्वतःची गोष्ट होती. ग्रामगीतेचा नायक तुकड्या नाही. आपण आहोत. आपली नाली, आपला उकिरडा, आपला काका.

आज सकाळी रेकॉर्डिंगच्या आधी मी पोथी सोडली. आजा गेल्यापासून कोणी सोडली नव्हती. पहिल्या आणि शेवटच्या पानावर हळदकुंकवाचे डाग आहेत, कागद मऊ पडलाय. मधली पानं करकरीत आहेत. ग्रामशुद्धीची तर दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, पात्यानं हळूच सुटी केली. म्हणजे पारायण व्हायचं तेव्हाही काही पानं आजा पाठच म्हणत असणार, किंवा घाईत दोन उलटत असणार. आजा चांगला माणूस होता. माझ्या अंगात जे काही बरं आहे ते त्याच्याकडून आलंय. पण हे मला दिसलं, म्हणून सांगितलं.

काकू आत्ता आत चहा ठेवतेय. तिला विचारलं, पोथी परत बांधू का? ती म्हणाली, ‘राहू दे उघडी. ग्रामपंचायतवाले संध्याकाळी येनार हायेत नालीचं बोलाले. त्यायले दाखवतो.’

तर मंडळी, तुमच्या घरातही अशी एखादी पोथी असेल. ग्रामगीता असेल, दासबोध असेल, बायबल असेल, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ असेल. आज रात्री कापड सोडा आणि मधलं कुठलंही एक पान उघडा, ज्यावर हळदकुंकू नाही असं. वाचा, आणि घरातल्या एखाद्या ऐकणाऱ्या माणसाला बोलू द्या. काय म्हणाली ती व्यक्ती, ते आम्हाला जरूर कळवा. नालीचं काय झालं ते मी पुढच्या भागात सांगतो.

भेटू या. जय गुरू.