शंभर वॉनचें मत

दक्षिण कोरियांतील ‘एम्नेट’ या दूरचित्रवाणी वाहिनीनें २०१६ सालीं ‘प्रोड्यूस १०१’ नांवाची एक स्पर्धा सुरू केली. एकशेंएक उमेदवार तरुणींनीं प्रेक्षकांसमोर गावें, नाचावें, आणि त्यांतून अकरा जणींचा एक गायकवृंद निवडला जावा, अशी ती योजना. निवडीचा अधिकार परीक्षकांकडे नव्हता. तो प्रेक्षकांना दिला होता, आणि त्या प्रेक्षकांना ‘राष्ट्रीय निर्माता’ ही भारदस्त पदवीही बहाल केली होती. अंतिम रात्रीं हा निर्माता भ्रमणध्वनीवरून संदेश धाडी आणि प्रत्येक मताला शंभर वॉन मोजी. मुंबईच्या अभिजीत सावंत यानें २००५ सालीं ‘इंडियन आयडॉल’ जिंकलें, तेव्हां मराठी घरांतूनही असेच संदेश गेले होते; तेव्हां त्यामागची आपुलकी श्रोत्यांना निराळी समजावून सांगावयास नको.

स्पर्धेचीं चार पर्वें झालीं. चौथ्याची, म्हणजे तरुणांच्या ‘प्रोड्यूस एक्स १०१’ची, अंतिम फेरी १९ जुलै २०१९ रोजीं पार पडली आणि वीस उमेदवारांच्या मतांचे आकडे जाहीर झाले. पहिल्याला १३,३४,०११ मतें, दुसऱ्याला १३,०४,०३३, अंतर २९,९७८. तिसऱ्याला १०,७९,२००, चौथ्याला १०,४९,२२२. अंतर पुन्हां २९,९७८. सहाव्याला ८,२४,३८९, सातव्याला ७,९४,४११, तेंच अंतर! लक्षावधि माणसें आपापल्या घरीं बसून मत देतात, आणि त्यांच्या आवडीनिवडींतून एकच संख्या वरचेवर बाहेर पडते, हें कोणास पटावें? कागदपेन्सिल घेऊन बसलेल्या प्रेक्षकांना पुढें असेंही आढळलें, कीं साऱ्या संख्या ७,४९४.४४२ या एकाच संख्येच्या पटींत आहेत. पहिल्याची एकशें अठ्ठ्याहत्तर पट, दुसऱ्याची एकशें चौऱ्याहत्तर पट. ज्यांना नुसतें टाळ्या वाजविण्यासाठीं बोलाविलें होतें, तेच हिशेबनीस ठरले.

वाहिनीनें प्रथम असा खुलासा केला, कीं शेंकडेवारी दोन दशांशांपर्यंत घेऊन तिचीं पुन्हां मतें करतांना हा घोळ झाला. क्रम मात्र बरोबर आहे. खुलाशानें कोणाचेंच समाधान झालें नाहीं. २६ जुलैला वाहिनीनेंच पोलिसांकडे चौकशी मागितली. १ ऑगस्टला प्रेक्षकांनीं सरकारी वकिलांकडे फिर्याद नेली. ५ नोव्हेंबरला दिग्दर्शक आन जून-यंग आणि प्रमुख निर्माता किम योंग-बम यांना अटक झाली. चारही पर्वांत फेरफार झाल्याचें निघालें. शेवटच्या दोन पर्वांत तर विजयी वृंदाची यादी अंतिम मतदानापूर्वींच तयार होती. २०२० च्या मे महिन्यांत आन याला दोन वर्षें आणि किम याला एक वर्ष आठ महिने कारावास झाला. उमेदवारांच्या संस्थांकडून घेतलेल्या मेजवान्यांपोटीं आन याजकडून सुमारें तीन कोटि सत्तर लक्ष वॉन वसूल करण्याचाही हुकूम झाला.

निर्मात्यांना आपल्या पारखेवर एवढा विश्वास होता, तर त्यांनीं उघडपणें परीक्षक व्हावयाचें होतें. त्यास कायद्याची आडकाठी नव्हती. मात्र मग शंभर वॉनचें मत कोणी विकत घेतलें नसतें! निवड विकावयाची आणि ती आपल्याच हातीं ठेवावयाची, असा हा व्यवहार होता.

१८ नोव्हेंबर २०२० रोजीं अपिलाच्या न्यायालयानें अन्याय झालेल्या बारा उमेदवारांचीं नांवें वाचून दाखविलीं. भरपाईची सुरुवात तेथूनच व्हावयास हवी, असें न्यायालयाचें मत पडलें. ज्यांचा फायदा झाला त्यांचीं नांवें मात्र उघड केलीं नाहींत. त्यांना या कारस्थानाची वार्ता नव्हती, आणि नांवें फुटतांच खऱ्या अपराध्यांऐवजीं लोक त्यांनाच दगड मारते. हा विवेक योग्यच होता. तरीही चौथ्या पर्वांतील ‘एक्स १’ हा वृंद त्यापूर्वींच, ६ जानेवारी २०२० रोजीं, विसर्जित झाला होता. त्याचा पहिला जलसा होऊन पुरते पांच महिनेही लोटले नव्हते.

त्या बारा नांवांत २०१८ च्या ‘प्रोड्यूस ४८’मधील ली गा-उन आणि हान चो-वोन या दोघी होत्या. बारा जणींच्या वृंदासाठीं त्यांना चौदावी आणि तेरावी ठरविलें होतें; खऱ्या मोजणींत त्या पांचवी आणि सहावी होत्या. ११ मार्च २०२१ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें शिक्षा कायम केल्या. ज्या ‘आयझ्वन’ वृंदांत त्या दोघी असावयाच्या, त्याची मुदत संपावयास तेव्हां जेमतेम दीड महिना उरला होता.